सिरिंजचं टोपण

दसरा झाला आणि माझी डावी दाढ सुजली. आमच्या शिरूर कासारकडच्या गावांत हे दिवस ऊसतोडीला निघायचे. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी नेत नाही. मुकादमाची गाडी आठ दिवसांत यायची होती आणि माझं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. वासाचं तर विचारू नका. माझी मलाच किळस यायची.

शिरूरच्या डॉक्टरांनी जबड्याखालचा पू सिरिंजमध्ये ओढून घेतला. नाक मुरडलं नाही, त्याचंच मला फार बरं वाटलं. असा वास येतो म्हणजे हवेत न जगणारा जंतू असणार, असं ते म्हणाले. त्यांनी सिरिंजमधली हवा काढली, सुई काढून घट्ट टोपण बसवलं आणि नवऱ्याला दोनदा बजावलं, हे उघडायचं नाही, सरळ बीडच्या लॅबमध्ये द्यायचं. जंतू निघाला तर मला दवाखान्यात ठेवावं लागणार होतं. म्हणजे यंदा तोडीला जाणं नाही. नवरा मान हलवत होता.

रिपोर्ट कोरा आला. काहीच वाढलं नाही म्हणे. डॉक्टर विचारात पडले, गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले. पंधरा दिवसांनी मी कर्नाटकात उसाच्या फडात होते. रिपोर्टात काय न्हाई, मग हिचं दुखतंय कावून, असं सासूनं निघतानाच चारचौघींत विचारलं होतं. माझं नाटक ठरलं. मलाही स्वतःची शंका यायला लागली, याचा अजून राग येतो. अंगात ताप घेऊन मी मोळ्या वाहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात गळू गालातून फुटलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दाढ काढली, पू काढला आणि मला समजावून सांगितलं. हा जंतू बाहेरून आलेला नसतो. सगळ्यांच्या तोंडात, हिरड्यांच्या फटीत, आतड्यात तो जन्मभर राहतो आणि एरवी कुणाच्या वाटेला जात नाही. दाढ किडून वाट मिळाली की आत शिरतो. मग त्यांनी रिपोर्ट बघितला आणि सिरिंज वाटेत कुणी उघडली होती का, असं विचारलं. हवा लागली तर तो मरतो आणि रिपोर्ट कोरा येतो.

मी बाहेर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. खड्ड्यांचा रस्ता, टोपण सैल झालं असेल. लॅबवाल्यानंच उघडून ठेवलं असेल. आणि यानं उघडलंच असेल, तर काही विचार न करता. पुढचे चार महिने त्याच्या शेजारी ऊस तोडत मी मनातल्या मनात त्याचीच वकिली केली. जंतूचा मला राग नव्हता. त्याला माझं तोंड काय आणि दुसऱ्याचं काय.

परतीला गाडी मांजरसुंब्याला थांबली. ढाब्यावर आम्ही चहा घेत होतो. माझा गाल एका बाजूनं आत ओढला गेलाय, चहा ओठातून गळतो. तो पुसायला नवऱ्यानं स्वतःचा रुमाल पुढं केला. ती माया बघून मला राहवलं नाही.

"टोपण तुमी काढलं होतं का?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "काढलं होतं. बराच येळ उघडं ठेवलं, मग लावून दिलं. तू घरी राहिली असतीस तर मला एकट्याला कोण नेणार होतं?"

आणि मला काही झालं असतं तर, मी विचारलं.

"त्याचा लई इचार केलता मी," तो म्हणाला. "तू मरायची न्हाईस, एवढं मला ठाऊक हुतं."

मी रुमाल त्याच्या हातात परत दिला. त्यानं काही विचार न करता केलं असेल, असं चार महिने मी स्वतःला समजावत आले होते.