ड्रामा मिसने घेतलेले नाव

प्रश्न असा आहे: ड्रामा मिस आणि ग्रेस या दोघींना मस्कत सोडावे लागले, ते ड्रामा मिसने भर हळदीकुंकवात नाव घेतले म्हणून, की मी घाबरले म्हणून? पदार्थविज्ञान शिकवण्यात माझे सारे आयुष्य गेले. प्रयोगवहीत उद्देश लिहिल्याखेरीज पुढची ओळ लिहू नये, असे मी मुलांना बजावत आले. म्हणून तो आधी लिहिला. उत्तर मला ठाऊक आहे असे वाटते. तरीही क्रमानेच जाऊ.

ड्रामा मिस माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत नसे. ती पायांकडे पाहत असे. मस्कतच्या दार्सैत भागातल्या आमच्या शाळेत ती आठवड्यातून दोनदा नाटक शिकवायला येई. उंच, कृष्णवर्णीय, केस बारीक कापलेले, आवाज घंटेसारखा. वर्गात शिरताच चपला दाराशी काढी आणि चिकटपट्टीने फरशीवर एक मीटरचा चौकोन आखी. "या चौकोनात उभे राहून खोटे बोलून दाखवा," ती मुलांना सांगे. मुले चेहरा अगदी गंभीर ठेवून खोटे बोलत आणि ती खाली बघून हसे. "चेहरा शाळेत जातो, त्याला सगळे शिकवता येते. पाय अडाणी राहतात. घाबरलेल्या माणसाचा पाय दाराकडे सरकतो." मला ती 'फिजिक्स' म्हणे. "फिजिक्स, तू उभी आहेस इथे, पण तुझा उजवा पाय बसस्टॉपवर पोचलाय!"

तिचा जन्म लंडनचा, आईवडील वेस्ट इंडिजमधल्या एका बेटावरचे. पालकसभेत एका गृहस्थांनी तिला विचारले, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या? म्हणजे अगदी मूळच्या?" ती म्हणाली, "आईच्या पोटातल्या. आपण?" सगळे हसले, ते गृहस्थही हसले. मी मात्र त्या सभेत हसू शकले नव्हते, कारण त्या वेळेपर्यंत मला ते कळले होते.

ते असे कळले. ती मस्कतमधल्याच कुरुम भागात एका सदनिकेत राही. तिच्याबरोबर ग्रेस राही, कोट्टयमची मल्याळी परिचारिका, दार्सैतच्याच एका दवाखान्यात नोकरीला. आमच्या निम्म्या मुलांनी तिच्या हातून इंजेक्शने घेतली होती. एकदा वार्षिकोत्सवाची संहिता तपासायला मी कुरुमला गेले, तेव्हा ड्रामा मिसने कपाटाच्या तळातून एक पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवले. तिच्याच नाटकांचे पुस्तक होते, मागे तिचेच छायाचित्र. "वाच," ती म्हणाली. "शाळेला माझे आडनाव माहीत आहे. हे नाव माहीत नाही."

मी वाचले. ती लेस्बियन होती, म्हणजे स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, आणि तिने जे जे लिहिले, रंगमंचावर स्वतः उभे राहून जे जे केले, ते सारे त्याविषयी होते. एका प्रयोगात ती तासभर परातीतल्या पाण्यात आईचा झगा धूत बसे आणि प्रेक्षकांना सांगे, की आईने मरेपर्यंत ग्रेसचे नाव उच्चारले नाही. 'तुझी ती' एवढेच म्हणाली. झगा पिळताना ती आईच्या वतीने ते नाव घेई, दर वेळी थोडे मोठ्याने. लंडनमध्ये लोक या प्रयोगाला उभे राहून टाळ्या वाजवत. ओमानमध्ये असे प्रेम हाच गुन्हा होता. तरीही त्या दोघी लंडनहून इथे आल्या होत्या, कारण ग्रेसची आई कोट्टयमला अंथरुणाला खिळली होती आणि मस्कतहून विमानाने तीन-साडेतीन तासांत तिच्याजवळ पोचता येई.

खोलीत आम्ही तिघीच होतो. तरी मी ते पुस्तक पालथे घातले, आणि छायाचित्र वर आले म्हणून पुन्हा उलटे केले. ग्रेस चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "दीदी, इथे कुणी येत नाही, राहू दे ते पुस्तक!"

त्या दिवसापासून भीती माझ्याबरोबर वर्गात येऊ लागली. शिपाई दाराशी आला की मला वाटे, तिच्याबद्दलच विचारायला आला. कुणी पालक मोबाइल चाळताना दिसला की वाटे, तिचेच नाव शोधतो आहे. ती स्वतःही घाबरे. पण घाबरण्याची तिची पद्धत निराळी होती. "भीती ही घरात आलेली पाहुणी आहे," ती म्हणे. "तिला खुर्ची दे. किल्ल्या देऊ नकोस."

आता चूक सांगते. ती पूर्णपणे माझी. संक्रांतीच्या सुमारास मी तिला उखाण्याची रीत समजावून सांगितली. पूर्वी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, 'अहो' म्हणत, 'इकडून' म्हणत. मात्र चार बायकांत दोन ओळींच्या यमकात ते नाव घेण्याची मुभा असे. ऐकता ऐकता ती उभी राहिली. "म्हणजे जे नाव घ्यायचे नाही, ते घेण्यासाठी तुम्ही जागा करून ठेवली आहे? चौकोन आखून ठेवला आहे? फिजिक्स, मला तिथे ने."

मी नेले. देसाई काकूंच्या घरच्या हळदीकुंकवाला, दार्सैतलाच, देवळापासून चालत पाच मिनिटांवर. काकू मालवणच्या, तीस वर्षे मस्कतला, आमच्या सगळ्यांत वडील. बावीस बायका होत्या. ड्रामा मिससाठी मी एक निरुपद्रवी उखाणा रचला होता आणि आठ दिवस तो तिच्याकडून घोकून घेतला होता:

मस्कतच्या किनाऱ्यावर लाटांची नक्षी,
दार्सैतच्या मैत्रिणी माझ्या नाटकाला साक्षी.

कुणाचेच नाव नाही. मी अत्यंत समाधानी होते.

तिची पाळी येईपर्यंत तिने अठरा उखाणे ऐकले. मग कुणीतरी ओरडले, "यल्ला, चला मिस! आता तुमचा!" मस्कतच्या दुसऱ्या टोकाच्या माबेल्याहून आलेली प्राची, एका विद्यार्थ्याची आई, सगळ्यांचे उखाणे मोबाइलवर टिपत होती, तिने मोबाइल वळवला. ड्रामा मिस रांगोळीशेजारी अनवाणी उभी राहिली. पहिली ओळ तिने स्वच्छ म्हटली. मग थांबली. त्या थांबण्यात मला सगळे कळले आणि काहीही करता आले नाही. अठरा बायकांच्या तोंडून ऐकलेले शब्द उचलून तिने दुसरी ओळ बदलली:

"ग्रेसचं नाव घेते, तुम्ही सगळ्या साक्षी."

हसणे थांबले. मग प्राची म्हणाली, "अय्या, ग्रेस? आपल्या दवाखान्यातली ग्रेस सिस्टर?"

"बहीण," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात असतो तसा स्थिर होता. "तिची बहीण."

"पण ती तर मल्याळी आहे ना, मॅडम?"

"मानलेली. मानलेली बहीण."

ड्रामा मिसला मराठी येत नव्हती, पण 'बहीण' कळण्याइतकी हिंदी तिने इथे शिकून घेतली होती. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. मी खाली पाहिले. मी मागे मागे सरकत उंबऱ्याबाहेर गेले होते. माझी एक टाच बायकांच्या चपलांच्या ढिगात होती.

देसाई काकू उठल्या. तिला हळदीकुंकू लावले, हातावर तिळगूळ ठेवला, वाणाची वाटी दिली. "नाव घेतलंन मा? मगे झाला तर," एवढे म्हणून त्यांनी पुढच्या बाईला उठवले. "चल गो, तुझो नंबर." हसणे पुन्हा सुरू झाले. तिथेच सारे संपले असते. मी हे वाक्य विचार करून लिहिते आहे: तिथेच सारे संपले असते.

परंतु मी पद्धतशीर बाई आहे. त्या संध्याकाळी मी कागद घेऊन हजर बायकांची यादी केली. खोटे हे समीकरणासारखे दोन्ही बाजूंनी जुळले पाहिजे, असा माझा विचार होता. पुढच्या आठवड्यात मी एकेकीला गाठले. कुणाकडे डबा परत करण्याच्या निमित्ताने, कुणाकडे मुलाची प्रयोगवही पोचवायला. आणि प्रत्येकीला, तिने न विचारता, सांगितले: त्या दोघी म्हणजे मानलेल्या बहिणी, लंडनला शेजारी होत्या, फार प्रेमळ. शेवटी टॅक्सी करून माबेल्याला प्राचीच्या घरी गेले.

"प्राची, तो व्हिडिओ जरा पुसून टाकतेस का?"

"कुठला हो?"

"ड्रामा मिसचा."

तिने माझ्याकडे पाहिले. "माझ्या लक्षातही नव्हतं, मॅडम. ग्रुपवर टाकलाच नाही अजून. पण का? मानलेली बहीणच आहे ना?"

"हो. म्हणूनच."

तिने व्हिडिओ माझ्यासमोर पुसला. "चहा ठेवते," ती म्हणाली; पण उठली नाही. त्या क्षणी एका माणसाला, ज्याला काहीही शंका नव्हती, मी माझ्या हाताने शंका दिली होती. आणि यादीतल्या इतरांनाही.

महिन्याभरात मुख्याध्यापिकांनी मला बोलावले. "पालकांच्या काही शंका आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना जवळून ओळखता ना?" मी म्हणाले, "कामापुरती." हेही याच लेखात नोंदवले पाहिजे. दोन दिवसांनी ड्रामा मिसचे तास बंद झाले. कुणी कारण दिले नाही. पण कुणीतरी तिचे पूर्ण नाव शोधले होते, एवढे तिला कळले. पुढे दार कोण वाजवील याची वाट न पाहता दोघींनी लंडनला परतायचे ठरवले.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी कुरुमला गेले. बॅगा भरलेल्या होत्या. ग्रेस आईशी फोनवर बोलत होती, मल्याळममध्ये, खूप सावकाश. ड्रामा मिस माझ्यावर रागावली नव्हती; रागावली असती तर बरे झाले असते. तिने उरलेली चिकटपट्टी काढली, फरशीवर चौकोन आखला आणि म्हणाली, "ये, फिजिक्स. आता इथे उभी राहून सांग, ग्रेस माझी कोण?"

मी चौकोनात उभी राहिले. खोलीत बाहेरचे कुणी नव्हते, खिडक्या बंद होत्या. "ग्रेस तुझी..." एवढे म्हणून मी त्या बंद खिडक्यांकडे पाहिले. मग ती म्हणाली, "खलास. पुरे. तुझ्या पायांनी प्रयत्न केला." मी खाली पाहिले. डावा पाय आत होता. उजवा पट्टीवर.

केरळातल्या पावसाळ्यात तिचा संदेश आला. ग्रेसची आई गेली. लंडनहून ग्रेस पोचली, तेव्हा सगळे आटोपून गेले होते. त्याखाली आणखी एक ओळ होती: 'दार्सैतच्या त्या खोलीत मी नाव घेतले, त्याचा मला पश्चात्ताप नाही. आईला जमले नाही ते बावीस बायकांनी ऐकून घेतले.'

मी तो संदेश देसाई काकूंना वाचून दाखवला आणि प्रथमच सारे खरे सांगितले. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आमका काय कळला नाय, असा वाटला तुका? त्याच दिवशी कळला. नाव घेताना तिचो आवाज ऐकलंस नाय तू? पण आम्ही गप रवलव. तू दारोदार 'बहीण, बहीण' करत फिरलंस, मगे बायका इचारूक लागल्यो."

म्हणून माझे उत्तर असे: तिच्या नाव घेण्याने काही बिघडले नव्हते. बिघडवले ते माझ्या भीतीने, आणि मी ती भीती तिच्यासाठी आहे असे समजत होते. पुढे मी कित्येक वर्षे शिकवले. वर्गात उभी राहताना आधी पाय पाहते, मग बोलते. तरी मीच प्रयोग करणारी आणि मीच निरीक्षण नोंदवणारी, तेव्हा माझ्या निष्कर्षावर विसंबू नका. तुमच्यासमोर कुणी असे नाव घेईल, तेव्हा तुमचा पाय कुठे जातो ते खाली वाकून पाहा, आणि हे उत्तर तुमचे तुम्ही पडताळा.