दाजी आणि घडी घातलेला फोटो

स्वतःची चूक कबूल न करणारं माणूस आमच्या संगमनेरात घरटी एक सापडेल. पण आपल्या मशीनची चूकसुद्धा कबूल न करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. दाजींचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला त्यांनी कॉम्प्युटर आणला, त्यात एडिटिंगचं सॉफ्टवेअर घातलं, आणि त्या दिवसापासून माझ्या बहिणीला दुसरी सासू आली. घरातली सगळ्यात बरी खोली मशीनला. खिडकीला जाड पडदा, मशीनच्या अंगावर धुतलेली चादर, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन मशीनच्या पाठीशी. दाजी स्वतः बनियनवर घामानं निथळत बसायचे, पण पंख्याचं तोंड कुणी त्यांच्याकडे वळवलं तर त्याची खैर नसे. खोलीत शिरायचं तर चपला बाहेर आणि पाय धुऊन. मी एकदा तसाच शिरलो, तर मला, बायकोच्या थोरल्या भावाला, शाळेत मास्तर असलेल्या माणसाला, त्यांनी न बोलता न्हाणीकडे बोट दाखवलं. मशीनशी ते अहो-जाहो करत. माझ्याशीही करत, पण त्यात तो जिव्हाळा नसे.

सगळे तुकडे जोडून झाले की मशीन कॅसेट 'शिजवायला' घेई. हा दाजींचाच शब्द. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पायानं सरकत राही आणि तेवढा वेळ घरात मिक्सर बंद, रेडिओ बंद, मोठ्यानं बोलणं बंद. बहिणीनं एकदा त्याच वेळात खलबत्त्यात शेंगदाणे कुटले आणि पट्टी मध्येच अडकली. वीज कमीजास्त झाली असेल, पण दाजींनी आळ शेंगदाण्यांवर घेतला आणि आठवडाभर चटणीला हात लावला नाही. बिघाड वायरमनचा असू शकतो, हवेचा असू शकतो, बायकोचा तर असतोच, मशीनचा नाही. एका लग्नात हळदीच्या कार्यक्रमात नवरदेवाचं तोंड चक्क हिरवं आलं. वरबाप तणतणत आला. दाजींनी त्याला शांतपणे विचारलं, की पोराच्या अंगाला हळद होती का? होती. मांडव निळा होता का? होता. मग पिवळ्यात निळं मिसळलं की काय होतं, हे या मास्तरांना विचारा. वरबापानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, दुसरं काय करणार? तो गृहस्थ हिरवा मुलगा घेऊन निमूट घरी गेला.

आमच्याकडे लग्नाची कॅसेट एका ठराविक क्रमानं सुरू होते. आधी गणपती, मग घरातली गेलेली माणसं, मग हयात मानाची माणसं, आणि जागा उरली तर नवरा-नवरी. गेलेली माणसं हलत नाहीत, म्हणून त्यांचे फोटो मशीनमध्ये घ्यावे लागत, आणि इथंच दाजींची खरी विद्या होती. फोटोच्या फायली नाना जातीच्या असतात, आणि सॉफ्टवेअर एखादी उघडतं, एखादीकडे ढुंकूनही बघत नाही. हे असं का, म्हणून मी एकदा विचारलं. दाजी खूश झाले. म्हणाले, "पाव्हणं, फाइल म्हंजी घडी घातलेला सदरा. कुनी चौघडी घालतं, कुनी गुंडाळतं. आपल्या सॉफ्टवेअरला ती घडी मोडता आली पायजे. मोडली, की इस्त्री करून पडद्यावर टाकायचा. न्हाई मोडली, तर काळा चौकोन." एवढं सोपं करून मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलेलं नाही.

सुरुवातीला ते हे फोटो गरगर फिरवत, गुलाबात घालत, कधी पान उलटल्यासारखे उलटत. सोनईच्या एका घरच्या कॅसेटमध्ये नवऱ्या मुलाचे पणजोबा फेट्यासकट तीन गिरक्या घेऊन कमळात शिरले. घरातल्या म्हातारीनं टीव्हीपुढून उठून दाजींना असं काही झापलं, की त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला, गेलेल्या माणसाला फिरवायचं नाही. जिवंत व्याही मात्र ते पुढंही खुशाल फिरवत राहिले.

तर अशा या दाजींकडे मागच्या आळीतल्या एक वहिनी आल्या. दूध डेअरीत कामाला होत्या. नवरा गेला तेव्हा पदरात चार वर्षांची मुलगी. आता त्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा राजूरचा. वहिनींचं म्हणणं एकच होतं, की कॅसेटच्या सुरुवातीला मुलीला तिचा बाप दिसावा. मुलीला बापाचं तोंड आठवत नव्हतं. नवऱ्याचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघालेला. तो मोठा करून घ्यायला त्यांच्या दिरानं दोन वर्षांपूर्वी पुण्याला नेला होता. फोटो मोठा झालाच नाही, उलट येताना मूळ फोटोच एसटीत राहिला, आणि हाती आली ती दुकानदारानं फोटो भरून दिलेली एक फ्लॉपी. वहिनींनी ती पदराखालून काढून दाजींच्या हातात अशी दिली, की जणू तान्हं मूल. म्हणाल्या, "भाऊ, ह्यात आमचे मालक हायेत."

दाजींनी फ्लॉपी मशीनमध्ये सारली. मशीन कुरकुरलं आणि काळा चौकोन आला. पुन्हा सारली, पुन्हा काळा चौकोन. वहिनींना आठवड्यानं या म्हणून सांगून दाजींनी चादर कमरेला खोचली आणि कामाला लागले. मी शाळा सुटल्यावर रोज जाऊन बसायचो. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्लॉपी उजेडात धरून तिचं पत्र्याचं झाकण बाजूला सरकवलं आणि डोळ्याजवळ नेऊन बघितली. मग माझ्यापुढे धरली. आतल्या काळ्या चकतीवर पिवळसर गंध सुकून बसलं होतं. वहिनींनी दोन वर्षं ती फ्लॉपी देवघरात ठेवली होती. मालक आत आहेत म्हटल्यावर रोज आंघोळ करून तिला गंध लावलं होतं, ओलं फूल वाहिलं होतं, आणि ते सगळं फटीतून आत ओघळत होतं.

मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. दाजींनी कापसानं ती चकती पुसली, मशीनचं तोंडही पुसलं, आणि मग तीन दिवस पुन्हा पुन्हा घालून शेवटी फाइल निम्मी बाहेर काढली. सॉफ्टवेअरनं वरून घडी मोडत आणली. पांढरी टोपी आली, कपाळ आलं, भुवया आल्या, दोन डोळे आले, आणि नाकाच्या शेंड्याशी येऊन सगळं थांबलं. खाली सपाट राखाडी रंग. दाजींनी सगळ्या युक्त्या केल्या, पण त्याच्या खाली काही मिळेना. ते मला एवढंच म्हणाले, की गंधाचं कुणाजवळ बोलायचं नाही, बहिणीजवळसुद्धा नाही.

वहिनी आल्या. पडद्यावरचा निम्मा चेहरा बघून त्या खाली बसल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि विचारलं, की माझ्या हातून काही झालं का? मी खिडकीकडे बघायला लागलो. दाजी म्हणाले, "तुमच्या हातनं काय व्हायचंय वहिनी? फ्लॉपी एकदम चांगली हाय. मालक आत पुरे हायेत. माझं मशीनच कच्चं हाय, त्याला वाचता आलं न्हाई." हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी माझ्या कानांनी ऐकलं. शिवाय त्यांनी पुढं सांगितलं, की फ्लॉपी एका घट्ट डब्यात ठेवा, गंध डब्याला लावलं तरी पोचतं. वहिनींनी विचारलं, मग याहून मोठं मशीन निघालं तर? दाजी म्हणाले, मग निघंल की पुरा फोटो.

कॅसेटमध्ये त्यांनी राखाडी भागावर झेंडूची माळ अशी टाकली, की मालक माळेआडून बघताहेत असं वाटावं. मुलगी पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा सगळ्यांनी मिळून ती कॅसेट पाहिली. बापाच्या फोटोपाशी तिनं कॅसेट थांबवायला लावली, जवळ जाऊन बसली आणि म्हणाली, की आण्णा खाली हसतायत वाटतं. वहिनी म्हणाल्या, असतील.

पुढं दर दिवाळीला वहिनी दाजींना विचारायच्या, की आलं का हो मोठं मशीन? दाजी दर दिवाळीला सांगायचे, येतंय. मशीनं आली आणि गेली, फ्लॉपीची भोकंच मशीनला राहिली नाहीत, दाजींनी धंदा आटोपला, तरी हा सवाल-जवाब चालूच होता. मग वहिनी थकल्या आणि मुलीकडे राजूरला राहायला गेल्या. एक दिवस मुलीचा निरोप आला, की आईचं काही खरं नाही. दाजी मला घेऊन गेले. वहिनी अंथरुणात पार बारीक झाल्या होत्या, पण दाजींना ओळखलं. या वेळी त्यांनी मशीनचं विचारलंच नाही. दाजीच पुढं सरकून म्हणाले, "वहिनी, आलं बरं का मशीन. पुरा फोटो निघाला."

वहिनींनी मान त्यांच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाल्या, "मिशी हुती ना हो भाऊ त्यांना? मला आता तोंड आठवंना."

दाजींनी त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "हुती की. चांगली भरघोस. आन् जरा हसत हुते."

"मग तेच," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले. त्या महिन्यातच त्या गेल्या, म्हणून तर आज हे गंधाचं लिहितो आहे. राजूरहून परत येताना दाजी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग करत होते आणि मी ते चालू दिलं. मला त्या दिवशी या माणसाचा फार अभिमान वाटला होता. तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही.