खार्टूमचा दुपारचा रिपोर्ट

माझी सून अनघा इथल्या बंदराजवळच्या हार्बरफ्रंट भागात एका जहाज कंपनीत काम करते. कंपनीची जहाजं रोज दुपारी बाराला तिला रिपोर्ट पाठवतात: कुठे आहोत, तेल किती, पिण्याचं पाणी किती, हवा कशी, माणसं किती. अठरा वर्षं ती हेच वाचते आहे. मला लिहायचा सराव नाही, आणि तिला हे आवडेल याची खात्रीही नाही. पण २०२३च्या एप्रिलमध्ये तिने काय केलं ते घरातल्या कोणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं.

तिची मोठी बहीण विनीता सुदानच्या राजधानीत, खार्टूमला, शाळेत गणित शिकवायची. एका शनिवारी सकाळी तिथल्या फौजांची आपसात लढाई पेटली. विनीता तिसऱ्या मजल्यावर अडकली. खिडक्यांना गाद्या लावून इमारतीतली उरलेली माणसं जिन्यात राहू लागली. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, ‘मी ठीक आहे.’

अनघाने चिडून फोन लावला. “ताई, ‘ठीक आहे’ लिहिणाऱ्या कॅप्टनवर मी कधी विश्वास ठेवत नाही. पाणी किती आहे?”

“आहे गं पुरेसं.”

“लिटर सांग.”

“बहीण आहेस की इन्स्पेक्टर?”

“आधी लिटर सांग.”

वीस लिटर निघालं. नऊ माणसांत.

त्या दिवसापासून विनीताने रोज जहाजासारखा रिपोर्ट द्यायचा असं ठरलं. त्यांचे दुपारचे बारा म्हणजे आमच्या हौगांगच्या घरात संध्याकाळचे सहा. एरवी बॅटरी वाचवायला फोन बंद. ‘हवा’ या रकान्यात गोळीबार लिहायचा.

‘पाणी चाळीस, विहिरीचं, उकळलेलं. पीठ तीन दिवसांचं. वीज नाही. हवा: पहाटे वाईट, छतावर तोफगोळ्यांचे तुकडे पडले. साडेनऊनंतर शांत, भट्टीवर पावासाठी रांग.’

‘पाणी पंधरा. शेजारच्या आजी हाज्जा सुमैयांनी खजूर वाटले. मी जिन्यातल्या मुलांची अपूर्णांकांची उजळणी घेतली. हवा: पहाटेपासून तोफा, सकाळी थोडी उसंत.’

दहाव्या दिवशी कंपनीचे पोर्ट सुदान बंदरातले एजंट इद्रिस यांनी तिथवर यायला आपल्या मेव्हण्याची मिनीबस मिळवून दिली. विनीता म्हणाली, “शेजारच्या हाज्जा सुमैयांचा पाय मोडलाय. त्यांना टाकून मी निघणार नाही.”

“मग त्यांनाही घे. सगळ्यांनाच घे.”

राहिला प्रश्न वेळेचा. तिथे सगळे पहाटे निघत होते, विनीताही तेच म्हणत होती. अनघाने सगळे रिपोर्ट छापून जेवणाच्या टेबलावर मांडले. मी ‘हवा’ वाचत गेलो, ती गोळीबाराच्या वेळांवर लाल पेन्सिलीने खुणा करत गेली. पहाट जवळजवळ रोज वाईट होती. साडेनऊ ते पावणेअकरा मात्र एकही खूण नव्हती. त्या वेळी भट्टी चालू असायची, आणि पाव दोन्हीकडच्या शिपायांना लागतो.

“साडेनऊला निघायचं,” ती म्हणाली.

माझा मुलगा रुचिर सहसा तिच्या कामात बोलत नाही. त्या दिवशी बोलला. “तुझ्या एका कागदावर ताईंचा जीव लावतेस?”

“माझा नाही. तिचाच कागद आहे. तिने खरं लिहिलंय.”

दुसऱ्या दिवशी बस निघायची होती. संध्याकाळचे सहा वाजले. रिपोर्ट नाही. साडेसहा झाले. रुचिरने फोन उचलला तसा अनघाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“रिपोर्टला उशीर होतो तेव्हा कॅप्टन कामात असतो. मध्ये बोलायचं नाही.”

“मम्मी, जस्ट कॉल लाह,” माझी नात इरा इथल्या इंग्रजीत म्हणाली. अनघाने नकारार्थी मान हलवली. तिची लाल पेन्सिल टेबलावर एकाच जागी टकटक करत होती. सकाळी साडेनऊ ही वेळ तिने ठरवली होती, आणि ती चुकली असती तर कोणाच्या माथी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सात वीसला फोन वाजला.

‘ठिकाण: शहराबाहेर, शेंदीच्या पुढे. तेल: अर्धी टाकी. पाणी: तीस. हवा: स्वच्छ. माणसं: अकरा.’

अनघाने दोनदा वाचलं आणि मग फोन लावला. “ताई, नऊ होती ना?”

“पुलापाशी एक बाई आणि तिची मुलगी चालत निघाल्या होत्या. बसमध्ये जागा होती.”

“आणि उशीर का?”

“नेटवर्क आत्ता मिळालं. आणि हाज्जा तीन वेळा माणसं मोजायला लावतात. त्यांना तुझ्याकडेच नोकरीला घे.”

पुढच्या संध्याकाळी इद्रिस यांनी बंदरावरून फोटो पाठवला. समुद्राकडे पाठ करून अकराजण, मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय पुढे ताणून हाज्जा सुमैया. अनघाने पेन्सिलीचं टोक एकेका चेहऱ्यावर ठेवत मोजलं आणि खुर्ची मागे सरकवून इतक्या जोरात हसली की समोरच्या घरातल्या मिसेस टॅन जाळीचं दार उघडून बाहेर आल्या.

“इलेव्हन, आंटी,” अनघा त्यांना फोन दाखवत म्हणाली, “ऑल इलेव्हन.”

मिसेस टॅनना काही कळलं नव्हतं. त्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या, आणि मग आम्हीही.