बेलाचं टक्कल

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी अख्ख्या अहमदपुरात एकच बेल टकला होता, आणि तो आमच्या अंगणात होता.

ही करणी ना किडीची, ना दुष्काळाची. माझी! मी म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. झाडं आपले मित्र आहेत, हे मी दरवर्षी मुलांकडून तोंडपाठ करून घेते. मित्राशी कसं वागू नये, हे मात्र मी स्वतःच्या घरी प्रयोग करून पाहिलं.

तसं आमच्या अंगणात कडुनिंब आहे, सीताफळ आहे, आणि माघ लागला की सगळीच झाडं पानं टाकायला लागतात. त्यांचं काही नाही. खराटा घेतला, फराफरा झाडलं, ढीग केला, संपलं. बेलाचं तसं नसतं. बेलाच्या पानाला खराटा लागता कामा नये, आणि पाय तर मुळीच नाही. पडलेलं पान न् पान हातानं वेचायचं आणि झाडाच्याच बुडात खड्डा करून मातीआड करायचं. हा कायदा माझ्या सासूबाईंचा. त्यांना मी आत्याबाई म्हणते, माझे यजमान आणि सगळी गल्ली अव्वा म्हणते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि नजर कायम अंगणावर. वाकून वेचायचं काम त्यांच्याकडं होतं तोवर मला हा कायदा फार सुंदर वाटायचा. (परंपरा जपली पाहिजे, असं मी शाळेत भाषणातसुद्धा सांगितलं आहे.)

मग आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "दिसतंय तेवढं बास हाय. जास्त दिसून करायचं काय?" पण मागच्या शिवरात्रीला एक गोष्ट घडली. आमची गल्ली शिवरात्रीला बेल विकत घेत नाही. आत्याबाईंच्या हातून नेते. चतुर्दशीला बेल तोडायचा नसतो, म्हणून त्या आदल्या दिवशीच तोडतात, निवडतात आणि सकाळी सूप भरून फाटकाशी बसतात. तिन्ही पानं अखंड हवीत, भोक नको, टोक मोडलेलं नको. मागच्या वर्षीही तशाच बसल्या, वाटून झालं, आणि सुपात उरलेल्या पानावरून सहज बोट फिरवलं तर पान चाळणी झालेलं! कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. किडका बेल सगळ्यांनी मुकाट्यानं नेला होता.

"लोकं देवाच्या माथ्यावर घालायला नेतात, अन् मी किडका देऊन राहिले," असं म्हणत त्यांनी दिवसभर उपवासाच्या फराळालाही हात लावला नाही. संध्याकाळी ह्यांना, म्हणजे त्यांच्या बसूला, म्हणाल्या, "बसू, डोळा कर बाबा माझा. पुढल्या शिवरात्रीला बेल मी बघून देणार."

म्हणून यंदा माघात त्या नांदेडला माझ्या नणंदेकडं ऑपरेशनला गेल्या, आणि बेल माझ्या वाट्याला आला.

सकाळी शाळेआधी मी वेचायला बसायची. सगळी पानं वेचून, कंबरेवर हात ठेवून सरळ व्हावं, की पाठीमागं एक पान टप्पकन पडायचं. ते उचलावं तर समोर दोन! झाड मुद्दाम करत होतं, याबद्दल मला शंका नाही. त्यात रोज संध्याकाळी नांदेडहून तपासणीचा फोन.

"खराटा तर न्हाई ना लावला?"

"नाही हो आत्याबाई."

"मग फराफरा आवाज कशाचा येऊन राहिलाय?"

"टीव्हीचा!" (खराट्याचाच होता. पण कडुनिंबाखालचा, शपथ!)

एका रविवारी कंबर धरून बसले असताना माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. मी ह्यांना म्हटलं, "अहो, ही पिवळी पानं रोज थोडी थोडी पडणारच आहेत ना? मग एकदाच झोडपून सगळी पाडू. एकदाच वेचायची, एकदाच पुरायची. शिवरात्र अजून लांब आहे, तोवर कोवळी पालवी येईल!"

ह्यांनी पेपरातून मान वर केली. "अव्वाला विचारलंस का?"

"तुम्ही फक्त शिडी धरा."

"मी धरू? मग वर कोण चढणार?"

"तुम्हीच!"

(लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला कधी 'नाही' म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हणायला हवं होतं.)

शेजारच्या नसीमभाभींकडून मी सोयाबीनची ताडपत्री मागून आणली. त्या म्हणाल्या, "सोयाबीन तो कब का निकल गया भाभी. अब काहे की रास करते?"

"पानांची!" मी ऐटीत म्हटलं. ताडपत्री बेलाखाली अंथरली, चिंचा झोडपायचा लांब वेळू ह्यांच्या हाती दिला आणि खालून हुकूम सोडायला लागले. पहिल्या दोन तडाख्यांत पिवळी पानं अशी काही सरसरून पडली की मला माझ्या बुद्धीचं कौतुक वाटलं. तिथंच थांबलो असतो तर ही हकीकत लिहायची वेळ आली नसती. पण डाव्या बाजूला थोडी हिरवीही पडली आणि झाड एका अंगानं विरळ दिसायला लागलं.

"उजवीकडं पण थोडं मारा, सारखं दिसेल," मी म्हटलं.

ह्यांनी उजवीकडं मारलं. आता उजवीकडचं जास्त विरळ झालं. मग डावीकडं. मग पुन्हा उजवीकडं. शिकाऊ न्हावी दोन्ही कानांवरचे कल्ले सारखे करायला बसावा तसं आमचं चाललं होतं. वेळू पोचेना तिथं आकडीनं फांद्या ओढल्या. काटे लागले म्हणून हे ओरडले, तेवढ्यात शेंड्याचं एक बेलफळ सुटून थेट ह्यांच्या टाळूवर आलं. ठण्ण! देवाची कृपा, दोन्हीपैकी काहीच फुटलं नाही. हे टेंगूळ चोळत खाली उतरले आणि आम्ही दोघांनी मान वर करून पाहिलं. वर निळंभोर आभाळ दिसत होतं. मधे जे झाड असायला हवं होतं, त्याच्या नुसत्या काड्या होत्या.

"पालवी येईल म्हणालीस ना?" ह्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"येईल ना! यायलाच पाहिजे!" मी म्हटलं. पुस्तकात तसंच होतं.

जेवण करून पानं पुरू, म्हणून आत गेलो. जेवणानंतर रविवारची झोप लागली. आणि फाटक उघडं राहिलं. जागी झाले ती नसीमभाभींच्या हाकेनं. "या अल्ला! भाभी, मेरी बकरियाँ सब खा गए की!" बाहेर येऊन बघते तर त्यांच्या शेळ्या ताडपत्रीच्या मधोमध उभ्या राहून शेवटची पानं चघळत होत्या. महादेवाच्या आधी शेळ्यांना बेल वाहून झाला होता! नसीमभाभींनी वर पाहिलं, आणि त्यांची ओढणी तोंडाशी गेली. "झाड कू टायफाइड हुआ क्या भाभी?"

बरोबर त्याच वेळी फोन वाजला.

"सुरेखा, डॉक्टरनं डोळा मोकळा केला गं!" आत्याबाईंचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "लई ब्येस दिसून राहिलंय. परवा शिवरात्र न्हाई का? मी उद्या दुपारच्या यष्टीनं येऊन राहिले. बेल मीच तोडणार, तू हात लावू नकोस बरं!"

मी धावत जाऊन कॅलेंडर बघितलं. शिवरात्र लांब नव्हतीच. मी पुढच्या महिन्याच्या पानावरची साधी, दर महिन्याची शिवरात्र बघून बसले होते!

मग मी अख्खी गल्ली पालथी घातली. "तुमच्या शेतात बेल आहे का? नातेवाइकांकडं? थोडा मिळेल का?" जो तो एकच सांगायचा, "अहो बाई, आम्ही तर अव्वाकडूनच नेतो की!" आणि मग हळूच विचारायचा, "झालं काय झाडाला?" मी म्हणायची, "पानगळ." शेवटी स्टँडजवळ एका फुलवालीकडं एक जुडी मिळाली. अर्धी किडकी. ती घेऊन मी त्या बोडक्या बेलाखाली उभी राहिले आणि मला दुसरी कल्पना सुचली. (पहिलीचा निकाल समोर दिसत असताना!)

आत्याबाई काळा चष्मा लावून येणार. डॉक्टरांनी सांगितलेलंच असतं. काळ्या चष्म्यातून लांबून फक्त हिरवं दिसलं म्हणजे झालं! मी दोरीवरचे कपड्यांचे सगळे चिमटे गोळा केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे टेंगळासकट पुन्हा शिडीवर चढले. एकेक पान, एकेक चिमटा. पुढच्या फांद्यांना जास्त लावले, मागं कोण बघतंय!

दुपारी आत्याबाई आल्या. चष्मा काळा होता, हे खरं. पण फाटकातच त्यांनी तो काढला.

"हे फाटक हिरवं हाय व्हय? मी करडं समजत होते!" मग ह्यांच्याकडं वळल्या. "बसू, तुझे केस कवा पिकले रं? अन् डोक्यावर टेंगूळ कशाचं?" मग माझ्याकडं. "सुरेखा, लई थकलीस गं तू." त्या बघतच सुटल्या होत्या. पायरीचा टवका बघितला, खिडकीवरची धूळ बघितली, नसीमभाभींच्या ओढणीचा रंग बघितला. आणि मग मान वर केली.

एकदा चष्मा लावून बघितलं, एकदा काढून बघितलं.

"सुरेखा."

"जी आत्याबाई?"

"बेलाला चिमटे कवापासून येऊन राहिले?"

मी सगळं सांगून टाकलं. कंबर, वेळू, कल्ले, शेळ्या, कॅलेंडर. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या ओट्यावर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "झाडाचं काय, फुटंल ते. पर उद्या लोकं दारात येतील. त्यांच्या हातावर काय ठेवू, चिमटे? डोळा ह्याच्यापायीच केला होता की गं." मला रडूच आलं. स्वयंपाकघरात जाऊन मी भगर निवडत बसले, आणि भगरीत खडा आहे की पाणी तेसुद्धा दिसेना.

शिवरात्रीची सकाळ उजाडली. आत्याबाई सवयीनं अंघोळ, पूजा आटोपून रिकामं सूप घेऊन फाटकाशी बसल्या. मी खिडकीआड लपले होते. पहिल्या नसीमभाभी आल्या. हातात भली मोठी कापडी पिशवी.

"अम्मा, ये लो. उमरी से भाई भेजा, कलच तोड्या. हर गरमी में बेल का शरबत आपनेच पिलाए ना हमको? और मेरी बकरियों का गुनाह भी माफ करो!"

त्यांच्या मागं समोरचे काका आले. त्यांच्या मेहुण्यानं हिमायतनगरहून कंडक्टरच्या हाती बेल पाठवला होता. मग किराणा दुकानवाल्या वहिनी, मग कोपऱ्यावरचे गुरुजी. मी गल्लीभर विचारत फिरले होते, त्यात माझी अब्रू गेली होती. पण त्या विचारण्यावरूनच प्रत्येकानं कुठून कुठून फोन फिरवून बेल आणवला होता. मागच्या वर्षी किडकं पान मुकाट्यानं नेणारी हीच माणसं. आणि सगळ्यांचं बोलणं एकच, "अव्वा, बेल आणलाय, पर तुमच्याच हातानं द्या!"

आत्याबाईंचं सूप भरलं, मग घमेलं भरलं, मग माझी धुण्याची बादली. त्या एकेक पान उन्हात धरून बघायला लागल्या. "हे न्हाई, ह्याचं टोक मोडलंय. हे बघ, कसं अखंड हाय!" पिशवीभर बेल घेऊन आलेला माणूस ओंजळभर बेल घेऊन हसत परत जात होता. मी खिडकीआडून बाहेर आले आणि त्या सगळ्यांना नमस्कार केला. त्या सकाळी मानले तितके उपकार मी कधीच कुणाचे मानलेले नाहीत. आत्याबाईंनी माझ्याही हातावर एक पान ठेवलं. "घे. चिमट्याबिगर घाल देवाला." आणि हसल्या!

दुसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा आली. आता पूजेचं निर्माल्य घेऊन! "पायदळी जायला नको, अव्वाच्या बेलाच्या बुडात जाऊ द्या." शिवाय निवडून टाकलेली पानं, शिवाय उरलेलं घमेलं, शिवाय रात्रीच्या वाऱ्यानं अंगणभर पांगलेली बादली. आमच्या बेलानं दहा वर्षांत टाकली नसतील एवढी पानं एका अंगणात! खराटा चालणार नव्हता. मी पदर खोचून खाली बसले. आणि यावेळी ओट्यावर नवा डोळा होता. "शिडीखाली एक राहिलं बघ. तुळशीमागं दोन हायत. अगं, तुझ्या पायाजवळ!"

झाडाला यथावकाश पालवी फुटली, पुस्तकात होतं तशी. आता ते पूर्वीपेक्षा दाट झालंय. मी रोज सकाळी पानं वेचते आणि कंबरेबद्दल बोलत नाही. फक्त अगदी शेंड्याला एक लाल चिमटा राहून गेलाय. लावताना ती फांदी आकडीनं खाली ओढली होती. शिडी पोचत नाही, आणि आत्याबाई आता कुणाला वेळू की आकडी लावू देत नाहीत. नवा पाहुणा आला की विचारतोच, "अव्वा, ते वर लाल काय हाय हो?"

आत्याबाई डोळ्यावर हात धरून वर बघतात, मग खाली वाकलेल्या माझ्याकडं बघतात.

"ते व्हय? तिथं आमच्या सूनबाईची अक्कल वाळत घातलीय. अजून वल्लीच हाय, म्हणून काढली न्हाई!"