सराट्याचा झिजलेला कोपरा

गोपिका पराते यांचे वडील विणकर. शहरातल्या महाल भागाजवळच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आणि त्यावर माग. खड्ड्यात पाय सोडून वडील दिवसभर विणत बसायचे. पुढे हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. माग विकला गेला, खड्डा घरच्याच कचऱ्यामातीनं बुजवला, वर फरशी आली आणि वडील कापडाच्या दुकानात कामाला लागले.

गोपिका शिकली, कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत इतिहासाची शिक्षिका झाली. सुरुवातीची काही वर्षं ती स्वतः शिकली होती तसंच शिकवत राहिली. ‘हडप्पा संस्कृतीची वैशिष्ट्ये सांगा.’ मुलं सांगायची. पक्क्या विटा, सांडपाण्याची गटारं, महास्नानगृह. सांगताना त्यांचं लक्ष खिडकीबाहेर असायचं, आणि खरं तर तिचंही.

मग एका उन्हाळ्यात घरची फरशी खचली. मजुरांनी ती उकरली तेव्हा खालून मागाचा धोटा निघाला, सुताच्या कांड्या निघाल्या, फुटक्या कपाचा कान निघाला आणि गोपिकाच्या लहानपणच्या बांगड्यांचे तुकडे. वडील खाली मांडी घालून बसले. एकेक वस्तू हातात घ्यायचे आणि बोलायचे. फारसं न बोलणारा तो माणूस दुपारभर बोलत होता. गोपिकाची शाळा त्या दिवसांत बंद होती. पण शाळा उघडल्यावर काय करायचं हे तिनं तिथंच ठरवलं.

मुख्याध्यापक ईश्वरदास सर काही लगेच तयार झाले नाहीत. “मैदानात खड्डा? मॅडम, एखाद्या लेकराचा पाय मोडला म्हणजे?” शेवटी त्यांनी कुंपणालगतचा कोपरा दिला, भोवती दोरी बांधायच्या अटीवर.

तेव्हापासून दर दिवाळीनंतर सहावी ‘अ’ची मुलं घरून एकेक जुनी वस्तू आणतात आणि त्या खड्ड्यात पुरतात. एक थर काळ्या मातीचा, एक राखेचा. कोराडीत राखेला काय तोटा! संक्रांत झाली की सहावी ‘ब’ची मुलं सुतळीनं चौकोन आखून, चमचे आणि रंगाचे जुने ब्रश घेऊन तो खड्डा खणतात. कोणती वस्तू कोणाची, हे त्यांना ठाऊक नसतं. नियम एकच. वस्तू जेवढं सांगते तेवढंच बोलायचं, मनचं काही जोडायचं नाही.

मागच्या वर्षी खणायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ‘अ’ तुकडीतली भूमिका गोपिकाजवळ येऊन उभी राहिली. भूमिकाची आई, प्रीती, वर्षभरापूर्वी तापानं गेली होती. वडील अमोल वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी कामाला. तेव्हापासून पोरगी वर्गात विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून बोलायची नाही.

“मॅडम, माझी वस्तू काढून द्या ना.”

“काहून वं?”

“आईचा सराटा आहे.”

सराटा म्हणजे उलथणं. गोपिकानं विचारलं, “मग पुरलास कशाला, बाळा?”

भूमिका पायानं माती उकरत राहिली. “घरी कोणीच आईचं नाव नाही काढत. बाबा नाही, आजी नाही. मले पण आता नीट आठवून नाही राहिलं. म्हटलं, ‘ब’वाले वस्तू पाहून सगळं सांगतात, तर आईचं पण सांगतील.” मग ती म्हणाली, “पण कोणी हसलं तर?”

गोपिकानं खुरपं आणलं. “कुठं पुरलास दाखव, आत्ता काढू.”

भूमिकानं खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “राहू द्या.” आणि दप्तर सावरत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी राखेच्या थरात सराटा लागला ‘ब’मधल्या गोलूच्या चमच्याला. त्यानं तो झटकला, वर धरला आणि हसला. “हे पाहा! गंजला, झिजला, आता यानं का खाजवायचं?” दोनचार पोरं खिदळली. ‘अ’ तुकडी दोरीपलीकडे बसली होती. भूमिका मान खाली घालून होती. गोलूला गप्प करावं, सराटा काढून घ्यावा, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तसं केलं असतं तर सगळ्यांच्या नजरा भूमिकाकडेच वळल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, “झिजलाय ना? कुठं झिजलाय ते सांग.”

गोलू पाहू लागला. “एकाच बाजूनं झिजला, मॅडम. उजवा कोपरा पूर्ण गेला.”

“काहून गेला असेल?”

श्वेता नावाची मुलगी पुढं आली. ती घरी रोज पोळ्या करायला मदत करायची. तिनं सराटा उजव्या हातात धरून हवेत कढई खरडून पाहिली. “नाही जमत. असं खरडलं तर डावा कोपरा घासते.” तिनं हात बदलला. पुन्हा खरडलं. मग थांबली.

“मॅडम, ही बाई डावखुरी होती!”

कोणी हसलं नाही. गोलूनं सराटा परत मागून घेतला आणि स्वतः डाव्या हातानं करून पाहिलं. मग सराट्याच्या मुठीवर गुंडाळलेली कुजकी चिंधी त्यानं ब्रशनं साफ केली. निळ्या चौकड्या दिसल्या. त्यानं आपल्या अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. “हे तर आपल्या गणवेशाचं कापड आहे. म्हणजे तिच्या घरात शाळेत जाणारं लेकरू होतं.”

दोरीपलीकडून आवाज आला. “मीच ते लेकरू.”

भूमिका उभी राहिली होती. “माझ्या आईचा आहे तो. आणखी का समजते, सांग ना.”

गोलू गोंधळला. मघाचं हसणं त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं सराटा दोन्ही हातांनी धरला आणि फार जपून म्हणाला, “एवढं लोखंड झिजाले खूप वर्षं लागतात. तुही आई लय दिवस रोज तुमच्यासाठी स्वयंपाक करत होती.”

भूमिका रडली. श्वेता दोरी ओलांडून तिच्याजवळ जाऊन बसली. त्या तासाला पुढं खणणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधीच अमोल शाळेच्या फाटकात उभा होता, रात्रपाळी करून तसाच आलेला, कपड्यांवर कोळशाची काजळी. हा माणूस भांडायला आला आहे असंच गोपिकाला वाटलं.

“मॅडम, सराटा तुमच्याजवळ आहे म्हणते पोरगी.”

“हो, अमोलभाऊ. माझंच चुकलं, मी आधी विचारायला...”

“मी दिवाळीपासून शोधून राहिलो होतो त्याले,” तो म्हणाला. “वाटलं, मायनं साफसफाईत भंगारवाल्याले देऊन टाकला. मायशी भांडलो. दोन महिने नीट बोललो नाही तिच्याशी.”

गोपिकानं त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. सराटा आणून हातात दिला. त्यानं तो अंगठ्यानं चाचपला.

“लेकरं म्हणतात डावखुरी होती. खरं आहे. पण लिहायची उजव्या हातानं. शाळेत मारून मारून बदलवला होता तिचा हात. म्हणून पोरीले आठवत नसन. स्वयंपाकघरात मात्र डावाच. मी चिडवायचो तिले...” त्यानं सराटा मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “पोरीपुढं तिचं नाव नाही काढलं मी. वाटलं, रडन.”

“ती कालही रडली,” गोपिका म्हणाली. “पण घरी जाताना श्वेताशी बोलत गेली. मी पाहिलं.”

अमोलनं सराटा नेला नाही. खणून काढलेल्या वस्तूंचं शाळेत प्रदर्शन भरणार होतं, तोवर राहू द्या म्हणाला. प्रदर्शनाच्या दिवशी तो आईला, भागीरथाबाईंना, मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन आला. टेबलावर मुलांनी हडप्पासारख्या केलेल्या मातीच्या मुद्रा होत्या, मोजून पाडलेल्या विटा होत्या, आणि मधोमध सराटा. त्याच्यामागं भूमिका. जो थांबेल त्याला ती सांगत होती, हा कोपरा पाहा, असा हातात धरा, नाही, डाव्या हातात. आजीलाही तिनं तसंच सांगितलं. भागीरथाबाईंनी सराटा डाव्या हातात धरला, सुनेच्या आठवणीनं पदर डोळ्यांना लावला, आणि म्हणाल्या, “वांग्याची भाजी तर अशी करायची प्रीती, का सांगू!”

“कशी करायची, आजी?” भूमिकानं विचारलं.

भागीरथाबाई तिथंच खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. अमोल मधूनच म्हणत होता, “नाही गं माय, तीळ आधी भाजायची ती.” टेबलापुढं रांग थांबली होती. गोपिकानं मागच्या लोकांना हळूच दुसऱ्या टेबलाकडे वळवलं.