पत्ता टाकून पाहिलेलं घर

माझ्या मुलीचं लग्न मोडायला जगात एकच माणूस निघाला होता, आणि तो मी होतो.

हेतू वाईट नव्हता. (अशा माणसांचा तो कधीच नसतो.) प्राचीला पेणचं स्थळ आलं होतं. 'आलं होतं' हे आपलं म्हणायला! ती आणि निखिल एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. म्हणजे स्थळ रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर डबा उघडून बसत होतं. दोघांचं ठरलेलं होतं, आम्हाला फक्त घर बघून यायचं होतं.

आमच्या निडी गावाकडे मुलगी देण्याआधी घर बघतात. बघतात म्हणजे काय, तर चार माणसं जातात, चहा पितात, विहिरीत डोकावून पाणी बारमाही आहे का ते विचारतात आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानात "माणसं कशी आहेत हो?" असं हळूच विचारून घेतात. आमची सगळी लग्नं अशीच झाली आणि बऱ्यापैकी टिकली.

पण मी आता निवृत्त आहे, आणि माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप आहे. पत्ता टाकला की घराची कुंडली समोर! मालक कोण, बांधकाम किती, वापर कसला, सगळं. गावातली निम्मी घरं माझी बघून झाली होती. शेजारच्या वामनला त्याचा जिना अनधिकृत आहे हे मी आपुलकीनं सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

तर मी पेणचा पत्ता टाकला. निखिलच्या वडिलांचं नाव सुभाष. ॲपने मालक दाखवला धोंडू गणू!

"सुमन!" मी बायकोला हाक मारली. "अगं, हे घर त्यांचं नाय! भाडेकरू हायत ते!"

"कुणी सांगितलं?"

"ॲपनं."

"अवो, मग फोन करून सरळ त्यांनाच विचारा की."

"असं कोण कबूल करतं? उद्या त्या धोंडूनं बाहेर काढलं तर आपली पोर सामानासकट रस्त्यावर!"

प्राची आतून आली. डोळे भरलेले. "बाबा, लग्न माझं आहे. हात जोडते, तिथं एक अक्षर बोलू नका."

मला वाईट वाटलं. पण बापाचं काळीज! शिवाय ॲप.

रविवारी आम्ही पेणला गेलो. सुमनने कडव्या वालांची पिशवी घेतली होती, आणि प्राची माझ्यावर पहारा ठेवायला आली होती. घर ऐसपैस होतं. एका बाजूला त्यांचा गणपतींचा कारखाना आणि ओटीपर्यंत मूर्तींच्या रांगा. अजून एकाच्याही डोळ्यांची आखणी झालेली नव्हती, त्यामुळे पुढे जे घडलं ते निदान त्यांना तरी दिसलं नाही.

निखिलच्या आई मालतीताईंनी पोह्याचे पापड तळून आणले. मी एक मोडला आणि सहज बोलल्यासारखं म्हणालो, "घर मोठं आहे."

"व्हय, आपलंच हाय," सुभाषराव म्हणाले.

आपलंच! सुमनने मला कोपर मारलं. प्राचीने डोळे वटारले. पण माझं तोंड आधीच सुटलं होतं.

"मग धोंडू गणू कोण?"

मालतीताईंनी पदर सावरला. "तुमाला वो कसं म्हाईत?"

"आम्ही चौकशी करूनच येतो," मी म्हणालो. "मला त्यांना भेटायचंय. आत्ताच्या आत्ता!"

सुभाषराव उठले. "या," म्हणाले. मी छाती काढून मागोमाग गेलो. माजघरात भिंतीवर एक फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता.

"हे धोंडू गणू. माझे आजोबा. घर अजून यांच्याच नावावर हाय. वारस लावायचे तर चुलते, आत्या, त्यांची पोरं, सगळ्यांच्या सह्या पायजेत. दर गणपतीला सगळे जमतात, औंदा लावूच म्हणतात, मोदक खातात आणि आपापल्या घरी जातात. बोला, काय इचारायचं हाय त्यांना?"

मी हात जोडून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

बाहेर आलो तर प्राची खाली मान घालून डोळे पुसत बसलेली. आपल्या हाताने आपण पोरीचं वाटोळं केलं, असं मनापासून वाटलं. "माफ करा," मी म्हणालो. "पोरीच्या काळजीनं मी तुमचं घर ॲपवर बघितलं."

मालतीताई एकदम हसल्या. "अवो, त्यात काय! आमी पण तुमचं बघितलं."

माझा जीव भांड्यात पडला. आमचं घर म्हणजे दुमजली, स्लॅबचं, खाली टाइल्स! "मग? कसं वाटलं?"

सुभाषराव खाकरले. "गोठा म्हणून आलं."

"काय?"

"वापर, गुरांचा गोठा. रहिवासी, कुणी नाय."

गावातली निम्मी घरं बघितली होती, आमचं तेवढं राहिलं होतं! घरपट्टी कमी यावी म्हणून आमच्या वडिलांनी ग्रामपंचायतीत घर गोठा म्हणून लावलं होतं. पुढे घराला स्लॅब आला, मजला चढला, पण कागदावरचा गोठा काही हलला नाही. आणि मी इतकी वर्षं, आपल्याला पट्टी किती कमी येते म्हणून ग्रामपंचायतीचं कौतुक करत होतो!

"मग तुम्ही काहीच कसं विचारलं नाही?"

"काय इचारायचं?" मालतीताई म्हणाल्या. "मी यांना म्हटलं, पोरगी गोठ्यात राहून एवढी शिकली, म्हणजे केवढी गुणाची!" मग सुमनचा हात धरून म्हणाल्या, "घराला काय बघायचं गो? माणसं बघायची."

प्राची रडता रडता हसायला लागली. मी पापड खात राहिलो, कारण मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

लग्न ठरलं. पुढच्या रविवारी ती मंडळी निडीला आमचं घर बघायला आली. सुभाषराव उंबऱ्यात थांबले, टाइल्स बघितल्या, जिना बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "पावणे, गुरं कुठं दिसत नायत?"

सुमन पाण्याचे तांबे घेऊन आलीच होती. "विकली वो सगळी. एक बैल तेवढा ठेवलाय. दिवसभर मोबाइल बघतो."

मी मान डोलावली.