मुन्शी घाटावर पडलेले कामगार

"पैर फिसल गया, मॅडमजी. मुन्शी घाट की सीढ़ी पर." शिवपूजन मान खाली घालून म्हणाला. पाय ठणठणीत होता. बँडेज होतं उजव्या हाताच्या दोन बोटांना.

बनारसच्या एका खोक्यांच्या कारखान्यात मी एचआर सांभाळते. कामावर कुणाला लागलं तर अ‍ॅक्सिडेंट रजिस्टरमध्ये लिहायचं, हे माझं काम. त्यावरून ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, रिपोर्ट जातो. बोट कामावर अधू झालं तर कामगाराला पेन्शन मिळतं. घाटावर झालं तर काही नाही.

आमचं रजिस्टर कोरं करकरीत. रजेच्या अर्जांत मात्र दर तिसरा माणूस घाटावर पडलेला. याचं कारण हेड ऑफिसची स्कीम: वर्षभर अपघात झाला नाही, तर प्रत्येकाला प्रेशर कुकर आणि प्लांट मॅनेजर तिवारीजींना ट्रॉफी.

शिवपूजनला घेऊन मी तिवारीजींच्या केबिनमध्ये गेले.

"देशपांडेजी, आदमी खुद कह रहा है घाट पर गिरा. आप काहे झंझट पाल रही हैं?"

"गिरा कब?"

"परसों सुबह," तिवारीजीच म्हणाले.

मी घाटांजवळच्या दूधविनायक मोहल्ल्यातच लहानाची मोठी झाले. त्या आठवड्यात गंगेला पूर होता. आरतीसुद्धा गच्चीवर चालली होती.

"परसों तो सारी सीढ़ियाँ पानी के नीचे थीं, तिवारीजी. गोता लगाकर फिसला क्या?"

तिवारीजींनी उठून पंखा वाढवला. शिवपूजनने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हाथ क्रीजिंग मशीन में आ गया था, मॅडमजी. मशीन का गार्ड निकला हुआ था. पूरी शिफ्ट बोली, दो उँगली के लिए अस्सी कुकर मत डुबाओ."

मला हसू आलं, आणि त्या हसण्याची लाजही वाटली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती बोटं आता मिटणार नाहीत. घरात कमावणारा तो एकटाच.

मी तिथेच नोंद लिहिली. तिवारीजींनी सही अशी केली, जणू बोटं त्यांचीच गेली होती. रिपोर्ट गेला, पुठ्ठ्याला घड्या पाडणाऱ्या त्या मशीनला सुरक्षेचं गार्ड बसलं आणि काही महिन्यांनी शिवपूजनचं पेन्शन मंजूर झालं. ट्रॉफी गेली, कुकरही गेले. अर्धी शिफ्ट अजून माझ्याशी बोलत नाही.

पुढच्याच महिन्यात रजिस्टरमध्ये नऊ नोंदी झाल्या. हेड ऑफिसचा मेल आला: सेफ्टी अचानक एवढी कशी बिघडली?

मी कळवलं, सेफ्टी होती तशीच आहे. आता लोक सांगतात आणि मी लिहिते.